पाच डॉलरमध्ये कळलं, आईचा व्हिसा का नाकारला

कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडून आपल्या फाइलच्या नोट्स मागवता येतात, त्या सोयीबद्दल लिहितेय. आपल्याकडच्या माहिती अधिकाराची बहीणच म्हणा.

माझ्या बाळंतपणासाठी आईला टोरांटोला बोलवायचं होतं. २०२४ मध्ये एजंटमार्फत व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला आणि नकार आला. पत्रात छापील मजकूर: मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल अशी खात्री वाटत नाही. खाली दोन मुद्दे, आर्थिक स्थिती आणि कौटुंबिक संबंध. आई फोनवर चिडली, "अगं, माझं घर इथे, पेन्शन इथे, मी तिथे राहून काय करू?" एजंट म्हणाले, हेच कागद परत टाकू, ऑफिसर बदलला की काम होतं. मला ते पटेना.

नोट्स मागवायला ५ डॉलर लागले. अर्ज ऑनलाइन, सोबत आईच्या सहीचा संमतीचा फॉर्म, आयएमएम ५७४४. मी कॅनडात असल्यामुळे तिच्या वतीने मला मागता आलं. कायद्यातली मुदत ३० दिवसांची आहे, साधारण तेवढ्यातच पीडीएफ आली.

ती उघडली आणि डोकं गरगरलं. पानंच्या पानं तारखा, कोड, फाइल कुणी कधी उघडली याची जंत्री. काही ओळी झाकलेल्या. कामाचं सगळं एका जागी होतं, अधिकाऱ्याच्या सात-आठ ओळींच्या टिपणीत. मतलब असा: अर्जाच्या थोडंच आधी खात्यात मोठी रक्कम आलीय, ती कुठून आली याचा पुरावा नाही, मायदेशातल्या उत्पन्नाचे किंवा मालमत्तेचे कागद नाहीत.

ती मोठी रक्कम म्हणजे आईची मोडलेली एफडी! "बॅलन्स जरा जाड दिसू दे" असं एजंटनेच सांगितलं होतं. एफडी न मोडता नुसती पावती जोडली असती तरी चाललं असतं. व्याज बुडालं ते वेगळंच. आणि पेन्शनचे कागद? ते त्यांनी अपलोडच केले नव्हते, "विचारलेत कुठे" म्हणून.

व्हिजिटर व्हिसाच्या नकारावर अपील नसतं. फेडरल कोर्टात जाता येतं; कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयासाठी ६० दिवसांत. त्यातले निम्मे दिवस नोट्सची वाट बघण्यातच जातात, हे लक्षात ठेवा. शिवाय कोर्ट व्हिसा देत नाही, निर्णयात खोट सापडली तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. आमच्या फाइलमध्ये खरं तर अधिकाऱ्याचं काही चुकलंच नव्हतं. समोर जे होतं त्यावरून मीही नाहीच म्हटलं असतं.

मग नवा अर्ज मी स्वतः भरला. पेन्शनचे कागद, घरपट्टीची पावती, एफडी मोडल्याचं बँकेचं पत्र, आणि मागच्या वेळी काय खटकलं व त्याचा पुरावा कुठल्या पानावर आहे हे सांगणारं एक पानी पत्र. १०० डॉलर फी पुन्हा भरली. बायोमेट्रिक १० वर्षं चालतं, म्हणून त्याचे ८५ वाचले. "पूर्वी व्हिसा नाकारला होता का" यापुढे सरळ हो लिहिलं. एजंटचा सल्ला तेही लपवण्याचा होता. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर ५ वर्षांची बंदी येते, आणि ती आईवर आली असती, त्यांच्यावर नाही.

जुलै २०२५ पासून काही प्रकारच्या नकारपत्रांसोबतच अधिकाऱ्याचं टिपण येऊ लागलंय. तुमच्या पत्राला ते जोडलंय का ते आधी बघा, कदाचित पाच डॉलरही लागणार नाहीत.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा नोट्समधल्या संक्षेपांसाठी कापला, एकेक शब्द शोधत दोन रात्री गेल्या. व्हिसा मिळाला. आई आली तेव्हा बाळ पालथं पडायला लागलं होतं.