साडेतेरा इंचाचा सीलबंद सबवूफर: दसऱ्यापासून मृगापर्यंत

छोट्या बैठकीत खोल बेस हवा असेल तर सबवूफरचा, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरचा, डबा सीलबंदच करावा, हे मी आता ठामपणे सांगतो. हा सबवूफर मी स्वतः आखला, लातुरातच सुतारकाकांकडून करून घेतला आणि दसऱ्याला जोडला. थंडी, उन्हाळा आणि आता मृगाच्या सरी, सगळ्यांत तो रोज वाजलाय.

दहा इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा, हलत्या कोनचा मूळ स्पीकर), बाहेरून साडेतेरा इंचाचा चौकोनी डबा, 18 मिमी प्लाय, पुढची फळी दुहेरी, आत आडवा आधार. आतली निव्वळ जागा सुमारे 24 लिटर. सोबत 300 वॉटचा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात भिंतीला ओल आली की त्याच्या कडा फुगतात. म्हणून प्लायच घेतला. अजून एकही सांधा हललेला नाही.

लहान डबा, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे हॉफमन, त्यांचा हा नियम. मी लहान डबा आणि खोल बेस निवडला, किंमत वॉटमध्ये मोजली. पोर्टचा, म्हणजे डब्याला भोक पाडून बसवायच्या पाइपचा, हिशोबही करून पाहिला होता. याच 24 लिटरला 25 हर्ट्झवर आणायचं, म्हणजे ट्यून करायचं, तर तीन इंची पाइप जवळपास पावणेतीन फूट लांब लागतो. साडेतेरा इंचाच्या डब्यात तो बसवणार कुठे? पाइप बारीक केला तर लांबी कमी होते, पण हवा फुसफुसते. शिवाय ट्यूनिंगच्या खाली पोर्टवाल्या डब्यात कोनला हवेचा आधार उरत नाही आणि बेस सप्तकामागे 24 डेसिबलने कोसळतो. सीलबंद डब्यात हाच उतार 12 डेसिबलचा असतो.

हा सौम्य उतारच घरात कामाला येतो. आमची बैठक 15 फूट लांब. या लांबीचा पहिला रूम मोड (भिंतींमध्ये आवाज घुमून उठतो ती वारंवारता) साधारण 37 हर्ट्झवर पडतो आणि त्याच्या खाली बंद खोली स्वतःच बेस उचलून धरते. डबा उतरत जातो, खोली चढवत जाते. मायक्रोफोन लावून आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरवर मोजलं तेव्हा 37 च्या आसपास उंचवटा दिसला, तो इक्वलायझरने दाबला. 25 हर्ट्झला थोडी उचल दिली. इथे हात आखडताच ठेवावा: 6 डेसिबल वाढवायचे तर चौपट वॉट लागतात. आणि तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनला चौपट हलावं लागतं.

थंडीत दारं-खिडक्या बंद होत्या तोवर ही जुळणी फार सुरेख होती. मार्चअखेर कूलर लावला आणि चित्र पालटलं. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, म्हणून दार-खिडकी उघडी. खोलीची साथ गेली, अगदी तळचा बेस पातळ झाला, वरून पंख्याची घरघर. म्हणून आता दोन सेटिंग जतन केल्यात, एक बंद खोलीचं आणि एक कूलरचं. मराठवाड्यात सबवूफर बसवणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही ऋतूंत मोजावं, एवढी माझी आग्रहाची विनंती. 42 अंशांच्या उन्हाने ड्रायव्हरला काही झालं नाही. ड्रायव्हरमधल्या तारेच्या कॉइलची स्वतःची उष्णता त्याहून फार मोठी असते. ती 100 अंशांनी तापली की तांब्याचा रोध सुमारे 40 टक्के वाढतो आणि आवाज दबतो. घरच्या आवाजात तिथवर मी जात नाही.

जागेने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच नाही. डबा आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि भिंतीकडेने कान खाली नेत फिरायचं. जिथे बेस सगळ्यात सपाट लागेल तिथे डबा. ओसरीवरचा पत्रा 40 हर्ट्झच्या आसपास थरथरायचा. प्रत्येक नटबोल्टखाली रबरी वॉशर घातले, शोकेसच्या काचांना फेल्ट लावलं, तेव्हा कुठे डब्याचा खरा आवाज ऐकू आला.

आणि तो आवाज! आमच्याकडे बेस म्हटलं की लोकांना वरातीतला डीजे आठवतो. छातीवर बसणारा तो दणका बहुतेक वेळा 40 हर्ट्झच्या वरचाच असतो. इथे गोष्ट वेगळी आहे. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास बोलते. 80 ला क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ठेवल्यावर ती पहिल्यांदा पूर्ण लांबीने ऐकू आली. आमचे काका भजनात पखवाज वाजवतात; त्याच्या खर्जाच्या तोंडाला, धुम्याला, ओली कणीक लावतात. त्यांना एक रेकॉर्डिंग ऐकवलं. डोळे मिटून म्हणाले, “धुम्याची कणीक ओली हाय बघ, घुमारा कसा भरून यायलाय.” बेस कुठून येतो हे त्यांनी विचारलंही नाही. मला एवढंच हवं होतं.

मर्यादा स्पष्ट आहे. दहा-बारा माणसं बसली, दार उघडं आणि आवाज मोठा हवा, तर हा डबा पुरत नाही. सभागृहाला किंवा मोठ्या वाड्याला पोर्टवाला मोठा डबाच करावा. व्होल्टेज पडलं तरी अ‍ॅम्प्लिफायर चालतो; स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र गुणगुण येते, साइन-वेव्हवर येत नाही.

मोठ्या ड्रायव्हरऐवजी आता असाच दुसरा डबा समोरच्या भिंतीला लावणार आहे. दोन्ही एकत्र वाजले की लांबीचा तो 37 हर्ट्झचा मोड एकमेकांत विरतो, आणि प्रत्येक कोनचं काम निम्मं होतं. सुतारकाकांना तेच माप दिलंय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून ड्रायव्हर आला की काम सुरू.