गिटचे नऊ महिने: पाच जणांच्या टीमचा अनुभव

गेले नऊ महिने आम्ही पाच जण रोज गिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनावर, काम करतोय. त्याआधी सगळा कोड एका शेअर्ड फोल्डरमध्ये असायचा. ‘बिलिंगची फाइल माझ्याकडे आहे, हात लावू नका’ असा मेसेज ग्रुपवर टाकायचा, आणि काम झालं की ‘सोडली’ म्हणून कळवायचं. एकाच फाइलच्या ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘फायनल’, ‘फायनल जुनी’ अशा कॉप्या पडलेल्या असायच्या. एके दिवशी तो मेसेज टाकायचा राहून गेला. दोघांनी एकच फाइल उघडली, दोघांनी सेव्ह केली, आणि ज्याने नंतर सेव्ह केली त्याचीच उरली. पहिल्याची दोन दिवसांची मेहनत गेली. दोष कुणालाच देता येईना, म्हणून ते जास्त लागलं. पुढच्याच आठवड्यात आम्ही गिटवर आलो.

पहिला महिना जड गेला, हे खरं सांगतो. मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे ते बदल एकमेकांशी भिडले, की फाइलमध्ये बाणांच्या खुणांची एक ओळ, खाली माझा कोड, मग बरोबरच्या चिन्हांची ओळ, खाली समोरच्याचा कोड, शेवटी पुन्हा बाण. ते पाहून काहीतरी बिघडलं असंच वाटायचं. मग लक्षात आलं की दोघांच्या कामाचा शेवटचा समान टप्पा कोणता, ते गिट आधी बघतं. बदल वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर स्वतःच जुळवतं, त्याच ओळींना दोघांनी हात लावला असेल तर थांबतं. पूर्वी जे गुपचूप पुसलं जायचं, त्याबद्दल आता आपल्याला विचारलं जातं. हे समजल्यापासून कॉन्फ्लिक्टची धास्ती गेली. ब्रँच, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळी काढलेली कामाची शाखा, मात्र लांबवू नका. आमची एक ब्रँच तीन आठवडे वेगळी राहिली आणि ती जुळवायला दोघांचा अख्खा दिवस गेला. आता दोन-तीन दिवसांत मर्ज करायचंच, असं ठरलंय.

पण ज्या प्रसंगाने माझं मत पक्कं झालं तो पाचव्या महिन्यातला. सवलत असलेल्या काही बिलांची बेरीज काही पैशांनी चुकत होती. सहा आठवड्यांपूर्वीच्या रिलीजमध्ये ती बरोबर यायची, आणि मध्ये 214 कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेले बदल, झाले होते. आम्ही बायसेक्ट वापरलं. हा कमिट बिघडलेला, तो चांगला, एवढं सांगितलं की गिट बरोबर मधला कमिट काढून समोर ठेवतं. तो तपासायचा, चांगला की वाईट ते सांगायचं, की उरलेल्यातला अर्धा भाग बाद. आठव्या फेरीला नेमका कमिट हाती आला. जिथे एकूण रकमेचं राउंडिंग व्हायचं, तिथे प्रत्येक ओळीचं राउंडिंग सुरू झालं होतं. शोधायला पाऊण तासही लागला नाही. फोल्डरच्या काळात एवढ्यासाठी आठवडा गेला असता.

त्या कमिटसोबत लिहिलेला मेसेज होता: ‘दुरुस्ती’. एवढाच एक शब्द. कुणी केला, कधी केला, कुठल्या ओळी बदलल्या, सगळं समोर होतं. का केला, ते कुठेच नव्हतं. जिने केला होता तिलाही आठवेना. आम्ही तो रिव्हर्ट केला, म्हणजे उलटवला, बेरीज जुळली, सगळे खूश. चौथ्या दिवशी दुसऱ्या ग्राहकाची तक्रार आली की छापील बिलातल्या ओळींच्या रकमा त्यांच्या हिशोबाशी जुळत नाहीत. तो बदल त्यांच्यासाठीच केला होता. एका शब्दाच्या जागी दोन वाक्यं असती तर आम्ही तो उलटवलाच नसता, दोन्ही गरजा भागतील असा मार्ग काढला असता.

काय बदललं हे गिट न सांगता जपतं. का बदललं हे आपणच लिहावं लागतं. नऊ महिन्यांत मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. तेव्हापासून आमचा नियम आहे: पहिल्या ओळीत काय केलं, एक ओळ सोडून खाली कारण, आणि एका कमिटमध्ये एकच विषय. दहा गोष्टी एकात कोंबल्या की रिव्हर्टही धड होत नाही आणि बायसेक्टने कमिट सापडला तरी आत पुन्हा शोधत बसावं लागतं.

गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं, आणि जगभर विखुरलेल्या लोकांच्या गरजेतून आलेलं हे साधन आम्हा पाच जणांनाही उपयोगी पडतं. सबव्हर्जनसारख्या जुन्या पद्धतीत इतिहास सर्व्हरवर असतो, इथे क्लोन केला, म्हणजे प्रोजेक्टची प्रत उतरवली, की प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहास येतो. आमचा सर्व्हर एकदा दिवसभर बंद होता, तरी कमिट, ब्रँच, जुना कोड बघणं, सगळं चालू होतं.

तक्रारीही आहेत. मोठ्या व्हिडिओ आणि डिझाइनच्या फाइल्स यात टाकू नका, प्रत्येक आवृत्ती साठत जाते आणि क्लोन करायला तासन्‌तास लागतात. आमच्यातल्या एकाने डेटाबेसचा पासवर्ड कमिट केला, पुढच्या कमिटमध्ये काढला आणि काम झालं असं समजला. तो इतिहासात तसाच होता. पासवर्ड त्याच दिवशी बदलला. आणि चेकआउट ही एकच कमांड ब्रँचही बदलते आणि फाइलमधले बदलही पुसते, नवख्या माणसाला ते धोक्याचं आहे. 2019 पासून त्यासाठी स्विच आणि रिस्टोर अशा दोन वेगळ्या कमांड आहेत, शिकवताना त्याच शिकवा.

गेल्या महिन्यात टीममध्ये नवीन मुलगा आला. एका फाइलमध्ये टाइमआउट, म्हणजे काम पूर्ण होण्याची वाट पाहायची मर्यादा, 90 सेकंदांचा पाहून तो 30 करायला निघाला होता, बाकी सगळीकडे 30 च आहे म्हणून. आधी त्याने त्या ओळीवर ब्लेम चालवलं, म्हणजे ती ओळ कुठल्या कमिटमधून आली ते बघितलं. त्या कमिटच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं की महिनाअखेरीचा एक्सपोर्ट मिनिटाहून जास्त वेळ घेतो, 30 ला तो अर्ध्यात तुटायचा. त्याने ती ओळ तशीच ठेवली आणि पुढच्या कामाला लागला. ज्याने ती लिहिली होती तो त्या दिवशी रजेवर होता.