एकच बारा बोअर सगळ्याला पुरते का? अकरा महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या दोनेकशे काडतुसांतच ही पंप बंदूक (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून भरायची छर्‍यांची बंदूक) अडकू लागली, तेव्हा ती विकायचं जवळपास ठरलं होतं. आता विकणार नाही. पण दोष खरा होता आणि तो कुठल्याही स्वस्त पंपमध्ये निघू शकतो, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

बारा बोअर, 3 इंची चेंबर (नळीचा काडतूस बसतं तो भाग), 28 इंची नळी, बदलते चोक (नळीच्या तोंडाशी बसणारे, छर्‍यांचा फैलाव आवळणारे तुकडे), वजन सव्वातीन किलोच्या आसपास. वापर सगळा अमेरिकेतल्या आयोवात: उन्हाळाभर क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या), सप्टेंबरात होले, मग बदकं, फेझंट पक्षी, डिसेंबरात हरीण आणि एप्रिलमध्ये टर्की.

तक्रार अशी: शंभराच्या खोक्यातली स्वस्त काडतुसं, तीस-चाळीस बार लागोपाठ, नळी तापलेली, की रिकामं काडतूस चेंबरमधून सुटेना. पंपची मूठ मागे येईना. जोर लावला तर एक्स्ट्रॅक्टरचा (काडतूस बाहेर ओढणार्‍या भागाचा) आकडा काडतुसाची कड कुरतडून निसटायचा. सर्व्हिसवाल्यांनी तीन आठवडे बंदूक ठेवून घेतली आणि “महाग काडतुसं वापरा” असं सांगून परत केली. वर तपासणीचे पैसे घेतले. याचा राग अजून आहे, कारण इलाज दीड तासाचा होता.

आधी एक्स्ट्रॅक्टरच ढिला आहे असं वाटत होतं. ते चूक निघालं. स्वस्त काडतुसाचं बूड पितळी दिसतं, पण आत लोखंड असतं. बार झाल्यावर पितळ फुगतं आणि पुन्हा आक्रसतं. लोखंड तेवढं मागे येत नाही. त्यात चेंबरच्या भिंतीवर कारखान्यातल्या हत्याराचे बारीक ओरखडे राहिलेले असले की बूड तिथे धरलं जातं. पितळी बुडाची काडतुसं त्याच चेंबरमधून एकदाही अडकली नाहीत.

इलाज: बंदूक रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, नळी उतरवा. बारा बोअरच्या ब्रशला 0000 नंबरची स्टील वूल (अगदी बारीक पोलादी लोकर) गुंडाळा, तेलात भिजवा, सळईचा एक तुकडा ड्रिलला लावून चेंबरच्या बाजूने आत घाला. ड्रिल अगदी हळू, ब्रश सतत आत-बाहेर, एका जागी थांबवायचा नाही. तीस सेकंद, पुसा, बॅटरीने बघा, पुन्हा तीस सेकंद. भिंत आरशासारखी दिसली की बास. धातू काढायचा नाही, फक्त ओरखड्यांची धार मोडायची. क्रोम चढवलेल्या चेंबरला हा प्रयोग करू नका. शेवटी लोकरीचा कण न कण काढा. त्यानंतर तीच स्वस्त काडतुसं हजारच्या वर उडाली आणि एकही अडकलं नाही. मात्र छर्‍यांच्या प्लास्टिक कपाचा थर पुढे साचतोच. दर अडीचशे बारांनंतर चेंबर ब्रशने घासावं लागतं.

घेताना साडेतीन इंची चेंबर न घेतल्याची चुटपुट होती, ती गेली. बदकांना 3 इंची काडतुसातले 2 नंबरचे पोलादी छर्रे पुरतात. पाणपक्ष्यांवर शिसं 1991 पासून अमेरिकाभर बंदच आहे. पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं, म्हणून छर्रा दोन नंबरने जाड, म्हणजे आकडा दोनने लहान, घ्यायचा. आणि ते दबत नसल्याने घट्ट जातं, त्यामुळे फुल, म्हणजे घट्ट चोक लावायचा नाही. मध्यम, म्हणजे मॉडिफाइड ठेवा. तोच मॉडिफाइड 5 नंबरच्या शिशाने फेझंटलाही चालतो, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर पक्ष्यांसाठी चोक बदललाच नाही. होले आणि स्कीटला (क्लेचाच एक खेळ) इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे त्याहून सैल चोक. टर्कीसाठी तेवढा एक जादा घट्ट चोक विकत घ्यावा लागला. 40 यार्डांवर कागद लावून 30 इंची वर्तुळात किती छर्रे पडतात ते आपल्याच काडतुसाने मोजा, चोकवरच्या नावावर जाऊ नका. गावाकडच्या डबल बारला दोन नळ्यांचे दोन चोक एकाच वेळी हाताशी असतात. ती सोय पंपमध्ये नाही, हे मान्य.

होले आणि बदकांसाठी मॅगझिनमधला (नळीखालच्या काडतुसांच्या कप्प्यातला) लाकडी प्लग काढायचा नाही. चेंबर धरून एकूण तीनच काडतुसं कायद्याने चालतात.

हरणाला गुळगुळीत नळीतून फॉस्टर स्लग (छर्‍यांऐवजी शिशाची एकच गोळी), इम्प्रूव्हड सिलिंडरमधून. नळीच्या टोकावरच्या नुसत्या मण्यावर नेम धरून माझी मर्यादा 50 यार्ड. सॅबो स्लग (प्लास्टिकच्या वेष्टनातली गोळी) या नळीत वाया जातात, त्यांना आतून पीळदार आटे पाडलेली (रायफल्ड) नळी लागते. ती वेगळी नळी घेतली नाही. तेवढ्या पैशांत क्लेची बरीच काडतुसं येतात.

दस्त्याकडे मात्र लोक लक्ष देत नाहीत. चापापासून पॅडपर्यंत सव्वाचौदा इंच हे आपल्या पाच फूट पाच इंचाच्या माणसाला लांबच. टी-शर्टवर कसंबसं जमतं, डिसेंबरच्या जाड जॅकेटवर पॅड काखेत अडकतो आणि फेझंट निघून जातो. दस्ता कापू नका. जाड रबरी पॅडच्या जागी अर्ध्या इंचाचा पातळ पॅड बसवा, दोनच स्क्रू आहेत. हिवाळ्यात पातळ, क्लेला पुन्हा जाड, कारण दिवसाला शंभर बार पातळ पॅडवर खांदा सोसत नाही.

बदकांच्या ओल्या दिवसानंतर त्याच रात्री चोक काढून आट्यांना ग्रीस लावा. आठवडाभर तसाच राहिला तर तो पान्याने हलत नाही.