सातेरी, मेलिफेरा की पोया : परसात पहिली मधपेटी ठेवण्याआधी

आग्या माशी कड्यावर, उंच फांदीवर उघडं पोळं लटकवते. ती पेटीत राहायला येत नाही. फुलोरी माशीचंही झुडपातलं एकच उघडं पोळं, बंद जागा तिला सोसत नाही. त्यामुळे परसात पाळायची म्हटली की निवड तिघींतच उरते : सातेरी, मेलिफेरा आणि पोया. बहुतेक जण आधी विचारतात, मध किती मिळेल? माझ्या मते आधी हे बघावं, की आपल्या घराभोवती पावसाळ्याचे चार महिने काय फुलतं. वसाहत जगते की जाते, ते त्या चार महिन्यांत ठरतं.

मेलिफेरा मूळची युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातली. १९६२ मध्ये आजच्या हिमाचलातल्या नगरोटा बगवान इथे ती भारतात पहिल्यांदा नीट रुजली आणि तिथून पंजाब-हरियाणात पसरली. स्वभावाने शांत, पेटी सोडून सहसा पळत नाही, भरात असलेल्या वसाहतीत पन्नास हजारांपर्यंत माश्या असतात. वर्षाला पेटीमागे २५-४० किलो मधाचे आकडे सांगतात ते हिचेच. पण ते मिळतात पेट्या फिरवणाऱ्यांना. सूर्यफूल संपलं की ट्रकमध्ये पेट्या भरून मोहरीकडे राजस्थानात जायचं, असा तो धंदा आहे. एका जागी ठेवलेली मेलिफेरा फुलोरा ओसरला की साखरेच्या पाकावर जगवावी लागते, आणि एवढ्या माश्यांना पाक पुरवणं खर्चाचं काम आहे. शिवाय व्हरोआ नावाचा कोळीवर्गीय परजीवी हिला फार छळतो. त्यावर सतत लक्ष आणि वेळेवर उपचार लागतात. ज्याची डाळिंबाची बाग आहे किंवा जो कांद्याचं बी धरतो, त्याने परागीभवनासाठी मेलिफेरा जरूर आणावी. दोन-चार गुंठ्यांच्या परसात तिचा संसार पेलत नाही.

सातेरी इथलीच. झाडाची ढोली, दगडी भिंतीतली पोकळी, रिकामं वारूळ, जिथे अंधार असेल तिथे ती शेजारी-शेजारी अनेक पोळी बांधते. म्हणून काही भागांत तिला सातपुडी म्हणतात. (गोव्यात वारुळाच्या रूपात पुजली जाणारी देवीही सातेरीच. हे नाव ऐकलं की मला पेटीपुढे जरा हळू वागावंसं वाटतं.) व्हरोआ मुळात हिच्याच अंगावरचा, त्यामुळे एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकायची सवय हिला आहे. हिची पेटीही लहान, एकट्या माणसाला उचलता येते. चांगल्या जागी वर्षाला ५-१० किलो मध मिळतो.

हिचा दोष एकच, पण मोठा. खायला कमी पडलं, मुंग्या शिरल्या, मेणअळी (पोळं पोखरणारी अळी) लागली, किंवा आपण रोज झाकण उघडून बघत राहिलो, की ही अख्खी वसाहत घेऊन निघून जाते. माझी पहिली वसाहत अशीच श्रावणात गेली. मे महिन्यात जांभूळ-हिरड्याचा मध उतरला होता, आणि मी वरच्या, मधाच्या कोठीबरोबर खालच्या, पिल्लांच्या कोठीतल्या चौकटींच्या (माश्या पोळी बांधतात त्या लाकडी चौकटी) कडेचा मधही काढला. तो त्यांचा पावसाळ्याचा साठा होता. पुढे महिनाभर झड लागली, बाहेर फूल नाही, आत थेंब नाही. एका सकाळी पेटीत फक्त कोरडी पोळी आणि त्यांवर मेणअळीची जाळी सापडली. त्या माश्यांचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून खालच्या कोठीला मी हात लावत नाही. पावसाळ्यात एक किलो साखरेला एक लिटर पाणी या मापाचा पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवतो. दिवसा किंवा बाहेर ठेवला तर दुसऱ्या माश्या लुटायला येतात. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या चौरंगाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत आणि आठवड्याला तळपाट (पेटीच्या तळाची फळी) साफ, एवढं केलं तर सातेरी टिकते. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा झाडी असलेल्या कुठल्याही गावात नवख्याने सातेरीच घ्यावी, असं मी सांगेन.

पोया मुंगीएवढी काळी माशी, डंख नसलेली. चिडली तर केसांत शिरून चावे घेते, इतकंच. भिंतीच्या फटीत, विजेच्या मीटरच्या पेटीत तिचं राळेचं नळीसारखं दार दिसतं. ती मध पोळ्यात न साठवता मेण-राळेच्या बारीक कुप्यांत साठवते. मध पातळ, आंबटसर आणि वर्षाला जेमतेम काहीशे ग्रॅम. पण ती मडक्यात किंवा लहानशा लाकडी खोक्यात राहते आणि गच्चीवरही ठेवता येते. घरात लहान मुलं असतील किंवा कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर पुढचा विचारच नको, पोया घ्यावी. ती काहीशे मीटरपलीकडे फारशी जात नाही, त्यामुळे तुळस, शेवगा, नारळ जवळच हवेत.

कुठलीही माशी घेण्याआधी प्रशिक्षण घ्यावं. पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संस्था आहे, महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि मधकेंद्र योजनेत साहित्यावर अनुदानही मिळतं. महाबळेश्वरला गेलात तर जवळच्या मांघरलाही जाऊन या. २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेल्या या गावात पेट्या घराघरांशी कशा नांदतात ते बघायला मिळेल.

वसाहत पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणा, म्हणजे पुढच्या पावसाआधी तिला सहा-सात महिने फुलं मिळतात. सातेरी घेणार असाल तर पैसे साठवून का होईना, दोन पेट्या घ्या. एकीची राणी मेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची चौकट तिला देता येते. त्यांतून कामकरी माश्या सोळा दिवसांच्या आसपास नवी राणी वाढवतात. एकच पेटी असेल तर ती चौकट आणणार कुठून?