‘बेर्दे’: रंगाने हिरवा आणि स्वभावाने हिरवट
स्पॅनिशमधील ‘बेर्दे’ या विशेषणाचा वाच्यार्थ ‘हिरवा’ इतका सरळ आहे. मात्र सफरचंदाविषयी बोलताना त्याच्याबरोबर ‘असणे’ या अर्थाच्या दोन क्रियापदांपैकी ‘सेर’ आले तर फळाचा रंग कळतो आणि ‘एस्तार’ आले तर ते बहुधा अजून पिकलेले नाही, असे समजावे. लाक्षणिक अर्थाला वाट फुटते ती येथूनच: ‘एस्तोय मुय बेर्दे एन मातेमातिकास’ म्हणजे मी गणितात फार कच्चा आहे. ‘चिस्ते बेर्दे’ हा चावट विनोद, तर ‘बिएखो बेर्दे’ हा आपला हिरवट म्हातारा, जो मराठी विद्यार्थ्याला, सुदैवाने म्हणा, वेगळा पाठ करावा लागत नाही. ‘पोनेर बेर्दे’ मात्र फसवे आहे. त्याचा अर्थ एखाद्यावर सडकून टीका करणे असा होतो.