हिंजवडी, पेठ की मगरपट्टा? फ्लॅटआधी आजूबाजू बघा

भाची आणि जावई पुण्यात घर शोधताहेत. दोघंही आयटीत, जावयाची आई सोबत. वहीत कार्पेट एरिया, दर, मेंटेनन्स सगळं लिहिलेलं. मी विचारलं, खाली उतरल्यावर काय आहे? त्याचा रकानाच नव्हता.

हिंजवडीत एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क झालं आणि एका कंपनीमागे दुसरी आली. कारण सरळ आहे. कंपनीला तयार माणसं तिथेच मिळतात आणि माणसाला घर न हलवता नोकरी बदलता येते. पण पार्कच्या टप्प्यांत, म्हणजे फेजमध्ये, मुख्यतः ऑफिसं. राहणारी वस्ती बाहेर वाढली, वाकडला, मारुंजीला, माणला. त्यामुळे सकाळी सगळा लोंढा आत, संध्याकाळी सगळा बाहेर, आणि भूमकर चौकात दोन्ही वेळा तोच तमाशा. यातली मारुंजी, माण ही गावं ग्रामपंचायतीच्या कारभारात वाढली. टॉवर आधी आले, रस्ते आणि नळ मागून. पाण्याचा टँकर महिन्याला किती लागतो, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारा, बिल्डरला नको.

पेठांचं गणित उलटं. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकचं सामान, नाना पेठेत गाड्यांचे स्पेअर पार्ट, कसब्यात तांबट आळी. एकाच धंद्याची दुकानं खेटून बसतात तरी उपाशी मरत नाहीत. अप्पा बळवंतला पुस्तक नसलं तर दुकानदार "बसा, मागवतो" म्हणतो आणि पोरगा चार दुकानं सोडून घेऊन येतो. गिऱ्हाईकाला ठाऊक असतं की या चौकातून रिकाम्या हाताने परतायचं नाही, म्हणून ते इथेच येतं. खाली गाळा, वर बिऱ्हाड. भाचीच्या सासूबाईंना औषध, भाजी, देऊळ सगळं पायी, आणि दुपारी कधी उतरलं तरी रस्त्यावर माणूस असतंच.

पण ज्याला ट्रक लागतो त्याला पेठ मानवत नाही. भुसार बाजार म्हणूनच नाना-भवानी पेठेतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. ट्रक गेले, टेंपो मात्र राहिले, नेमके तुमच्या दारात. पार्किंग विसराच. जुन्या वाड्याच्या जागी नवी इमारत असेल तर भाडेकरूंचे हक्क मिटलेत का, हे वकिलाकडून तपासून घ्या. गणपतीचे दहा दिवस झोपेचा हिशेब वेगळा.

तिसरं मगरपट्टा. हडपसरच्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी जवळपास 400 एकर जमीन एकत्र केली आणि बिल्डरला विकण्याऐवजी स्वतःच शहर उभारलं. 2000 साली काम सुरू झालं. घरं, शाळा, बाग, सायबरसिटी सगळं आधीच आखलेलं, त्यामुळे चालत ऑफिसला जाणारी माणसं इथे खरंच दिसतात. तरी आखलेल्या शहरात आखणीबाहेरचं काही सहजी रुजत नाही. चपलेचा तुटलेला अंगठा शिवायचा तर हडपसर गाव गाठा. शिवाय पायी ऑफिसचं सुख नोकरी तिथे असेपर्यंतच. उद्या हिंजवडीची ऑफर आली की रोज शहर आरपार.

भाचीला मी म्हटलं, दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलायची असेल तर हिंजवडीजवळ राहा, पण भाड्याने. विकत घ्यायचं तर मगरपट्टा, तेही दोघांपैकी एकाची नोकरी पूर्वेला टिकणार असेल तर. माझं मन पेठेकडे ओढतं, पण मला रोज गाडी काढावी लागत नाही.

कुठलंही घर बुधवारी सकाळी 9 ला आणि रविवारी दुपारी 4 ला, असं दोनदा बघा. बाल्कनीसमोर मोकळा प्लॉट असेल तर एजंट "गार्डन होणार" म्हणेल. त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला काढा. तिथे शाळेचं आरक्षण आहे, रस्ता जातोय की गोदामाला वाव आहे, ते त्यात कळेल.