यामाहा पी-४५ की रोलंड एफपी-१०: पट्ट्यांचा फरक

दोन्ही डिजिटल पियानो. दोन्हींत ८८ पट्ट्या, दोन्हींत खर्जाकडे जड आणि तार सप्तकाकडे हलका होत जाणारा हॅमर, म्हणजे पट्टीला खऱ्या पियानोसारखं वजन देणारी हातोडी. कागदावर सारखेच वाटतात. बोटं ठेवली की फरक कळतो.

रोलंडची एखादी पट्टी अगदी सावकाश दाबून बघा. तळाशी पोहोचायच्या जरा आधी एक बारीकसा अडथळा लागतो. ग्रँड पियानोत हातोडा सुटताना जाणवतो, तोच हा एस्केपमेंटचा भास. शिवाय इथे प्रत्येक पट्टीखाली ती किती दाबली गेली हे ओळखणारे तीन सेन्सर आहेत, त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. यामाहाच्या जीएचएस (ग्रेडेड हॅमर स्टँडर्ड) या पट्ट्यांच्या यंत्रणेत सेन्सर दोन, म्हणून बोट जास्त उचलावं लागतं. भराभर एकच स्वर वाजवताना एखादा गळतो. रोलंडच्या पांढऱ्या पट्ट्यांना हस्तिदंतासारखा खरखरीत पोत आहे, घामट बोटं घसरत नाहीत. मुंबईच्या मे महिन्यात याचं मोल फार.

यामाहाचा स्पर्श थोडा हलका. हार्मोनियमवरून येणाऱ्याला तो लवकर जमतो, आणि माझ्या मते लहान मुलांनाही. वजनही कमी, साडेअकरा किलो. रोलंड बारा किलोंच्या वर. रोलंडच्या पट्ट्या तळाला ठक्क वाजतात, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या, तेव्हा खाली जाड सतरंजी हवीच.

शास्त्रीय पियानो शिकायचा असेल तर मी बेधडक रोलंड सांगेन. गाण्याला साथ करायची, कार्यक्रमाला उचलून न्यायचा, तर यामाहा पुरतो.